टकटकचा दुसरा भाग

"अकरा मिलिसेकंद म्हणजे किती, हे तरी ठाऊक आहे का तुला?" ताईने खुर्ची न वळवताच विचारलं.

"माझा ठोका तुम्ही तेवढा पुढे ढकललात, एवढं ठाऊक आहे," वहिनी म्हणाली.

"ढकलला नाही. सरळ केला. लंगडत होता."

"लंगडायलाच हवा होता तो. त्या घरात लंगडा म्हातारा राहतो."

"मग त्याच्या हातात काठी दे. माझ्या कोडमध्ये लंगडेपणा नको."

वहिनीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आपटला नाही, कारण तो ऑफिसातला एकमेव धड हेडफोन होता. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार मात्र आपटलं.

या ऑफिसात नणंदेला सगळे ताई म्हणत आणि भावजयीला वहिनी, कारण ज्याने हे ऑफिस काढलं त्याला सगळे दादा म्हणत. दादा दीड वर्षापूर्वी एका मोठ्या कंपनीत नोकरी धरून दुसऱ्या शहरात निघून गेला. जाताना स्वतःच्या खुर्चीवरची उशी आणि भिंतीवरचं घड्याळसुद्धा घेऊन गेला. मागे राहिल्या या दोघी, चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि एका गेमच्या दुसऱ्या भागाचा करार. त्यावर तिघांच्या सह्या होत्या, पण दादाने आपली सही वकिलाकरवी सोडवून घेतली होती.

पहिला 'टकटक' सगळ्यांनी खेळला होता. हातात मावणाऱ्या कन्सोलवरचा साधा गेम. एक पोस्टमन दारोदार जातो. कुठल्या दारावर कसं ठोठावायचं ते संगीतातून कानावर पडतं, आणि खेळणाऱ्याने तालात बटणं दाबून तसंच ठोठावायचं. ठोके वेळेवर पडले तर दार उघडतं, चुकले तर आत कुत्रं भुंकतं. बस, इतकंच. पण दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघणारी माणसंसुद्धा मान हलवत तो खेळायची. दुसऱ्या भागात भर अशी की आता दाराआडूनही कोणीतरी उलट ठोठावणार होतं, आणि पोस्टमनने त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं होतं. सोळा घरं, सोळा दारं.

पहिल्या भागात वहिनीने संगीत केलं, ताईने कोड लिहिला, आणि दादाने ठोके लावले. ठोके लावणं म्हणजे कुठल्या सुरावर कुठलं बटण येणार, ते दाबायला किती उशीर झाला तरी माफ, हे सगळं ठरवणं. माफीच्या त्या अवधीला ते तिघं खिडकी म्हणायचे. खिडकी रुंद ठेवली तर गेम पोरकट होतो, अरुंद केली तर माणूस चिडून कन्सोल फेकून देतो. दादाला ते नेमकं जमायचं. कसं जमायचं हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही, आणि विचारलं की नुसता हसायचा.

तो का गेला, यावर दोघींची मतं पक्की होती. वहिनीच्या मते ताईच्या जिभेला हाड नव्हतं. सेहेचाळीस वर्षांची बहीण एकेचाळीस वर्षांच्या भावाला परक्या लोकांसमोर "बावळट" म्हणायची, मग तो राहील कशाला? ताईच्या मते वहिनीने घरात त्याला श्वास घेऊ दिला नव्हता. रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर तक्रार. ही मतं त्या एकमेकींना दर आठवड्याला एकदा तरी ऐकवत. एरवी बोलणं कामापुरतं, आणि काम भांडणापुरतं.

तिसरे होते सर. पंचवीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेले, क्लास बंद पडल्यावर इथे गेम तपासायला आलेले. सकाळी दहाला डबा कपाटात ठेवायचे, कन्सोल हातात घ्यायचे आणि सहापर्यंत दारं ठोठावायचे. कुठे बटण अडलं, कुठे कुत्रं विनाकारण भुंकलं, ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायचे. दोघींच्या भांडणात ते पडत नसत. फक्त आवाज चढला की वहीचं पान जरा जोरात उलटायचे.

त्या सोमवारी गेम छापून विकणाऱ्या कंपनीच्या बाईंचा निरोप आला. चित्रं सुंदर, संगीत छान, गेम कुठे अडकत नाही. पण खेळताना मजा येत नाही. बोटांना काही कळतच नाही. सहा आठवड्यांत सगळी सोळा घरं पुन्हा दाखवा, नाहीतर करार संपला असं समजा.

ताईने तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला. 'संगीत छान' हे शब्द मात्र तिने गाळले.

"ते पण वाचा ना," वहिनी म्हणाली. तिने आपल्या फोनवर निरोप आधीच वाचला होता.

"काय वाचू? छान म्हणजे लग्नात जेवण कसं होतं विचारलं की म्हणतात तसं छान."

"आणि बोटांना कळत नाही, ते कोणामुळे? विषम घरांचे ठोके तुम्ही लावलेत."

"आणि सम घरांचे तू. त्यांनी सोळाच्या सोळा परत पाठवलीत. त्यात तुझी आठ आहेत, मोजता येत असेल तर मोज."

"माझी आठ तुम्ही माझ्या पाठीमागे सरळ केलीत!"

"आणि माझ्या आठांची खिडकी तू अर्धी केलीस. मी सुट्टीवर होते तेव्हा. एका दिवसाच्या सुट्टीवर!"

सरांनी पान उलटलं.

वहिनीचं एक गुपित होतं. दर शुक्रवारी, ताई जेवायला खाली गेली की ती गेमची ताजी आवृत्ती दादाला पाठवायची. नवरा म्हणून त्याच्याशी तिचं बोलणं जवळपास थांबलं होतं. तो फोन उचलत नसे, वकिलाचं नाव काढलं की दोन-दोन आठवडे गप्प राहायचा. पण गेमबद्दल मात्र शनिवारी न चुकता उत्तर यायचं, लांबलचक, आपुलकीचं. तिसऱ्या घराचं संगीत ऐकून अंगावर काटा आला, असं लिहायचा. सातव्या घरात तुझं मन दिसतं, असं लिहायचा. आणि शेवटी: 'ताईची खिडकी फार ढिली आहे. घट्ट करायला लाव. ती ऐकणार नाही, तिला कुणाचं ऐकायची सवयच नाही, पण तू हटू नकोस.' वहिनी ही उत्तरं पुन्हा पुन्हा वाचायची. मग ऑफिसात येऊन ताईशी खिडकीवरून वाद घालायची, हटायची नाही. दादाचं नाव तिने कधी घेतलं नाही. नवरा सोडून गेला तरी त्याच्याच सल्ल्यावर चालतेस, असं ताईने म्हटलं असतं, आणि ते खरंच होतं.

निरोप आल्यानंतरच्या आठवड्यात तिने पाठवलेल्या आवृत्तीवर दादाचं उत्तर आलं. त्यात एक वाक्य होतं: 'ठोका कानाला लागून उपयोग नाही, मनगटाला लागला पाहिजे. म्हणून सांगतो, खिडकी आणखी अरुंद करा.'

मंगळवारी दुपारी पुन्हा जुंपली. बारावं घर. वहिनी म्हणत होती अरुंद, ताई म्हणत होती रुंद. शब्दाने शब्द वाढत गेला. खाली चावीवाल्याच्या यंत्राची करकर चालू होती, म्हणून दोघी आणखीच ओरडत होत्या.

"तुला एक साधी गोष्ट कळत नाही," ताई म्हणाली. "ठोका कानाला लागून उपयोग नाही. मनगटाला लागला पाहिजे. म्हणूनच खिडकी मोकळी हवी!"

यंत्र थांबलं. खोलीत फक्त सरांच्या कन्सोलमधलं कुत्रं भुंकत होतं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार? मला अक्कल नाही का?"

"ताई. हे वाक्य तुमचं नाही."

ताईचा चेहरा उतरला नाही. तो कधीच उतरत नसे. पण तिचा हात हळूच टेबलावरच्या फोनवर गेला आणि तिने तो पालथा घातला. वहिनीने ते पाहिलं. तिने आपला फोन काढला, शनिवारचं उत्तर उघडलं आणि ताईच्या कीबोर्डवर ठेवला.

ताईने ते वाचलं. एकदा, मग चष्मा लावून पुन्हा एकदा. मग आपला फोन सुलटा केला आणि तिच्यापुढे सरकवला.

ताईसुद्धा दर शुक्रवारी आवृत्ती पाठवत होती. वहिनी जेवायला गेली की. तिलाही शनिवारी उत्तर येत होतं, तितकंच लांब, तितकंच प्रेमळ. 'ताई, तुझ्यासारखा कोड कोणी लिहीत नाही. बायको म्हणेल खिडकी घट्ट करा. ऐकू नकोस. तिला संगीतापलीकडे काही कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही. तू ढिली ठेव.' खाली, मागच्या महिन्यातलं: 'तिच्या रोजच्या कटकटीपायी मी घर सोडलं, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?'

वहिनीच्या फोनवर त्याच आठवड्यातलं होतं: 'ताईच्या तोंडापायी मी ऑफिस सोडलं. तुझ्याशी माझं काहीच वाकडं नव्हतं.'

दोघी कितीतरी वेळ एकमेकींचे फोन वाचत बसल्या. वाचताना वहिनीला स्वतःबद्दल अशा गोष्टी कळत गेल्या, ज्या नवऱ्याने तिला तोंडावर कधीच ऐकवल्या नव्हत्या. ती झोपेत घोरते. तिच्या पहिल्या गेममधल्या दोन चाली त्यानेच गुणगुणून दिल्या होत्या. हे दुसरं तर धडधडीत खोटं होतं.

"त्याला विसर पडला असेल," ताई शेवटी म्हणाली. "कामाच्या गडबडीत. एकीला एक, दुसरीला दुसरं."

"प्रत्येक शनिवारी? दीड वर्ष?"

"माझा भाऊ आहे तो. तू मला शिकवू नकोस तो कसा आहे ते."

"मग कंपनीच्या बाईंना विचारते. त्यांना तरी काही ठाऊक असेल."

वहिनीने तिथेच, ताईसमोर फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की दादा अजून तुमच्या संपर्कात आहेत का. बाई थोड्या गोंधळल्या. "हो, म्हणजे... त्यांनीच लिहिलं होतं ना आम्हाला, वर्षापूर्वी. तुम्हा दोघींना नाही जमलं तर ते आणि त्यांची कंपनी हा भाग पूर्ण करायला तयार आहेत म्हणून. परवाही विचारलं त्यांनी, सहा आठवड्यांची मुदत कधी संपते ते. मला वाटलं तुम्हाला कल्पना असेल."

"आहे ना," वहिनी म्हणाली. "आहे कल्पना." आणि फोन ठेवला.

ताई उठली. खिडकीपाशी गेली, परत आली. मग आपल्या फोनवरून, आवाज मोठा करून, तिने भावाला लावला. वहिनीचे फोन तो उचलायचा नाही. ताईचा दुसऱ्या घंटेला उचलला.

"बोल ताई! कसं चाललंय?"

"खिडकी ढिली ठेवू ना रे?"

"ढिलीच. मी लिहिलंय ना तुला."

"आणि हिला घट्ट कर म्हणून लिहिलंयस."

"कोण म्हणतं?"

"मी वाचलंय. दोन्ही वाचलंय. आणि कंपनीला काय लिहिलंस तेही कळलंय."

"ताई, हे बघ, तू शांत हो आधी. ती तिथे आहे का? मी तुमच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी दोघींना एकमेकींच्या अंगावर घातलंस?"

"अंगावर मी घातलं?" दादा हसला. तेच जुनं, न सांगणारं हसू. "तुम्ही आधीपासूनच एकमेकींना पाण्यात पाहत होतात. मी नुसतं... हे बघ, मला ठाऊक होतं तुम्हाला जमणार नाही. ठोके लावणं हे काही शिकून येत नाही. गेम बुडण्यापेक्षा माझ्या हातात आलेला बरा, नाही का? नाव तर तुमचंही लागलंच असतं."

ताईने फोन बंद केला. निरोपाचा एक शब्द नाही. ती खुर्चीत बसली आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, "तुझ्यामुळे झालं हे."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्यामुळे? आत्ता ऐकलंस ना कानांनी? ऐकलंस ना, तुझा लाडका भाऊ काय बोलला ते?"

ती 'तू' म्हणाली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा. सरांनी मान वर केली.

"तू त्याला घरात सुख दिलं असतंस तर..."

"आणि तू त्याला चारचौघांत माणसासारखं वागवलं असतंस तर! डोक्यावर मिरे वाटून घेतले मी तुझ्याकडून नऊ वर्षं. त्याच्यासाठी! तोच मागून काड्या टाकतोय, आणि तू अजून मलाच बोलतेस?"

"कोणाला बोलू मग? तू समोर आहेस. तो नाही."

आपण काय बोललो हे ताईला बोलून गेल्यावर कळलं असावं. तिने चष्मा काढला, काचा पदराने पुसाव्यात तशा कुडत्याच्या टोकाने पुसल्या आणि पुन्हा लावला.

"बायांनो," सर म्हणाले. त्यांनी त्यांना असं कधीच संबोधलं नव्हतं. "मला एक बोलायचं आहे. तुमच्या घरगुती बाबतीत नाक खुपसत नाही. वहीतलं बोलतो."

दोघी त्यांच्याकडे वळल्या.

"क्लासमध्ये माझ्याकडे दोन तऱ्हेची मुलं यायची. एक, पट्टीने मोजल्यासारखं टाइप करणारी. दुसरी, समोर कोणीतरी बसलंय आणि त्याला पत्र लिहितोय अशी टाइप करणारी. तुमची सोळाही दारं मोजून लावलेली आहेत. ताईंची सरळ मोजून, वहिनींची वाकडी मोजून. पण दाराआड माणूसच नाही. मी एक वर्ष ठोठावतोय. आत कोणी नाही."

"मग काय करायचं?" ताईने खेकसून विचारलं.

"ते मला काय ठाऊक? मी तपासतो." आणि ते पुन्हा खेळायला लागले.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ताईचं तोंड बघायची तिची इच्छा नव्हती. तासाभराने ताईला आतल्या कपाटातली एक केबल हवी होती. तिने दारावर ठोठावलं. तीन ठोके, मालकिणीसारखे.

वहिनीने आतून दारावर दोन ठोके मारले. नाही.

ताईने चार मारले, आणि चौथ्याआधी थांबून, मुद्दाम.

वहिनीने तेच चार उलटे मारले, पहिल्यानंतर थांबून.

ताई चिडली. तिने सात मारले, मधे एक गाळून. वहिनीने सातही तसेच परत केले, गाळलेल्या जागी हलकेच नखाने टिचकी मारून. दाराच्या दोन्ही बाजूंना दोघी उभ्या होत्या आणि एकमेकींना चुकवायला बघत होत्या. ताई मधेच थांबायची, वाटेल तितका वेळ, आणि वहिनीने घाई करून आधी मारला की बाहेरून तिचं तुच्छतेचं हुंकारणं ऐकू यायचं. मग वहिनी तिला फसवायची: साधा, सोपा ताल तीनदा द्यायची, आणि ताई निर्धास्त झाली की चौथ्या खेपेला मोडायची.

सर उठून दारापाशी आले होते. त्यांच्या हातात कन्सोल नव्हता, वही होती. "हे," ते म्हणाले. "ताई, हे. आत माणूस आहे."

ताईने हात थांबवला. ती बाई भांडखोर होती, पण कामात मूर्ख नव्हती. तिने माइक आणला, दाराच्या फळीला चिकटपट्टीने लावला, दुसरा आतल्या बाजूला लावण्यासाठी दाराखालच्या फटीतून सरकवला. "लाव," ती म्हणाली. वहिनीने लावला. केबल अजूनही आतल्या कपाटातच होती. ती तिने फटीतून बाहेर ढकलली.

पुढचे चार आठवडे असेच गेले. सकाळी वहिनी आत, ताई बाहेर, मधे बंद दार. आत एका घराचं संगीत लागायचं, तेच बाहेर लागायचं, आणि दोघी त्यावर एकमेकींशी दारातून लढायच्या. एकेका घराला वीस-वीस, तीस-तीस वेळा. दुपारी ताई ते ठोके कोडमध्ये उतरवायची, जसेच्या तसे, सरळ न करता. खिडकीही त्यातूनच ठरली: एक चिडलेली बाई दुसऱ्या चिडलेल्या बाईला जेवढं माफ करते तेवढी. ते अवधी प्रत्येक घरात वेगळे निघाले. नवव्या घरात माफी जवळपास नव्हतीच, कारण त्या सकाळी ताईने वहिनीच्या आईबद्दल काहीतरी काढलं होतं. वहिनीच्या उजव्या हाताच्या बोटांची पेरं सुजली. ताईने औषधाची ट्यूब आणून सरांच्या टेबलावर ठेवली आणि सरांना सांगितलं, "तिला द्या." सरांनी दिली. वहिनीने ती वापरली, आभार मानले नाहीत.

त्या मैत्रिणी झाल्या असं कोणी समजू नये. त्या चार आठवड्यांत त्या जितक्या भांडल्या तितक्या आधी नऊ वर्षांत भांडल्या नव्हत्या. फरक एवढाच की आता मधे कोणाचं उसनं वाक्य नव्हतं. जे टोचायचं ते स्वतःचं टोचायचं. वहिनीला रोज घरी जाताना खांदे ठणकत असत आणि मन विचित्र हलकं असे, जसं खूप दिवस साठलेले कपडे धुऊन वाळत घातल्यावर होतं. ताईला काय वाटत होतं ते तिने कधी सांगितलं नाही. पण एकदा सरांनी तिला रिकाम्या खोलीत टेबलावर बोटांनी वाजवताना पाहिलं, आणि ते दहाव्या घरातले आतले ठोके होते, वहिनीचे.

मुदतीच्या दोन दिवस आधी गेम गेला. चार दिवसांनी कंपनीच्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या की ऑफिसातली माणसं एकमेकांच्या हातून कन्सोल ओढून घेत होती, आणि एक जण तर नवव्या दारावर इतका चिडला की कुत्र्याला शिव्या देऊ लागला. "दाराआडची ती बाई कोण आहे?" त्यांनी विचारलं. "भयंकर आहे. सगळ्यांना तिला हरवायचं आहे."

"कोणती?" ताईने विचारलं. "आतली की बाहेरची?"

गेम बाजारात आला तो चांगला चालला. पहिल्याइतका नाही, पण खेळणारे जास्त हट्टी निघाले. नावांच्या यादीत ठोक्यांसमोर कोणाचं नाव द्यायचं यावर एक दिवस मोडला. दोघींनाही आपलं पहिलं हवं होतं. शेवटी सरांनी खरी नावं वर्णमालेप्रमाणे लावली, आणि त्यात ताईचं मागे आलं म्हणून ती आठवडाभर सरांशी बोलली नाही. 'मूळ कल्पना' म्हणून दादाचं नाव ताईला काढायचं होतं. वहिनीने काढू दिलं नाही. "कल्पना त्याचीच होती," ती म्हणाली. "मी त्याच्यासारखं खोटं नाही लिहिणार."

मग एका दुपारी दादा आला. दार उघडंच होतं. तो जाड झाला होता, केस नीट कापलेले, हातात मिठाईचा डबा. ताईने त्याला बसायला सांगितलं नाही, पण सर उठून उभे राहिले म्हणून त्यांच्या खुर्चीत तो बसला.

"अभिनंदन," तो म्हणाला. "मनापासून. खेळलो मी. नवव्या घराची खिडकी चुकली आहे, बाकी ठीक."

"चुकली नाही," वहिनी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरून म्हणाली.

"अगं, मी वीस वेळा प्रयत्न केला. दार उघडतच नाही."

"सरांना दुसऱ्या खेपेला उघडलं."

सर अवघडून खिडकीबाहेर बघू लागले.

"इतकी अरुंद खिडकी कोणी ठेवतं का?" दादा ताईकडे वळला. "ताई, तू तर ढिलीच्या बाजूची होतीस ना?"

"मी कुठल्याच बाजूची नव्हते," ताई म्हणाली. "तू सांगायचास त्या बाजूची होते."

तो उंबऱ्याकडे वळला. मग हळू आवाजात वहिनीला म्हणाला की त्याला तिच्याशी थोडं बोलायचं आहे, आत, एकांतात. घराबद्दल. तो परत यायचा विचार करतो आहे.

"सोमवारी माझ्या वकिलाचं पत्र मिळेल," वहिनी म्हणाली. "जे बोलायचं ते त्यावर लिही." नऊ वर्षं त्या माणसाच्या हसण्याचा अर्थ लावण्यात गेली होती. आत्ता तो हसत नव्हता, आणि तिला कळलं की हसण्याखाली फारसं काही नव्हतंच.

दादा उठला. मिठाईचा डबा टेबलावरच राहिला. ताईने आपली पिशवी खांद्याला लावली.

"कुठे?" वहिनीने विचारलं.

"जेवला नसेल तो. घरी नेते."

"त्याला? एवढं सगळं झाल्यावर?"

"भाऊ आहे माझा. तुझा नवरा राहिला नाही म्हणून माझा भाऊ राहत नाही असं नाही. जेवायला घालीन, आणि जेवताना जे सुनवायचं ते सुनवीन. ते माझं मी बघते."

"घाल. पण इथे पुन्हा आणू नकोस."

"नाही आणणार," ताई म्हणाली. जिना उतरताना तिचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. ती त्याला, या वयातही, भर जिन्यात, बावळट म्हणत होती.

वहिनीने डबा उचलून सरांना दिला. सरांनी तो उघडला, एक तुकडा खाल्ला आणि चांगला आहे म्हणाले. तीही नंतर एक तुकडा खाऊन बघायला गेली, तेव्हा अर्धा डबा संपला होता.

घटस्फोटाला एक वर्ष लागलं. कोर्टात ताई आली नाही; भावाविरुद्ध बोलणार नाही आणि त्याच्या बाजूनेही बोलणार नाही, असं तिने दोन्ही वकिलांना सांगून टाकलं. वहिनीने त्याबद्दल तिला बरंच सुनावलं. ताईनेही ऐकून घेतलं नाही. मधल्या काळात कंपनीने तिसऱ्या भागाचं विचारलं, आणि दोघींनी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकींना न सांगता, हो म्हणून कळवलं.